ताईचा दम

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. हृदय म्हटले की आम्हाला कविता आठवते. ते कुणी चोरते, कुणाचे फुटते, कुणाचे दगडाचे असते. पण त्या हृदयाला चार झडपा असतात आणि त्या दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा उघडमीट करतात, हे मला ताईमुळे कळले.

ताई दहा वर्षांची असताना तिचा घसा धरला, ताप आला. तो उतरला आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा बरा होतो न होतो तोच घोटा, मग मनगट. "वाढत्या अंगाची पोर, हाडं दुखायचीच," आजी म्हणाली. तेल लावले, शेक दिला. ताई पुन्हा लंगडी खेळू लागली आणि घरादाराला त्या दुखण्याचा विसर पडला.

पुढे आम्ही सगळे देवगिरीचा किल्ला पाहायला गेलो, तेव्हा अंधारीच्या अलीकडेच ताई पायरीवर बसली. साऱ्यांनी तिची थट्टा केली. मग पाण्याची बादली घेऊन जिना चढताना ती दोनदा थांबू लागली. छातीत धडधड व्हायची. "रक्त कमी असेल," असे म्हणून आईने तिला गूळ-शेंगदाणे चालू केले. ताईचे लग्न झाले. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात ती माहेरी आली, तेव्हा तिला आडवे झाले की गुदमरायचे. दोन उशा घेऊनही मध्यरात्री ती उठून खिडकीशी बसे. पावले सुजली होती. "पोटुशी बाईला दम लागतोच," असे शेजारणी म्हणाल्या.

आपल्या गावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचे. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला डाव्या कुशीवर वळवले आणि बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकले. मग त्यांनी आईला विचारले, "लहानपणी हिचे सांधे सुजले होते का?" आई दचकलीच. छातीच्या दुखण्यात गुडघ्याचा काय संबंध?

संबंध होता. घशातल्या एका जातीच्या जंतूंशी लढताना शरीर कधीकधी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. त्याला संधिवाताचा ताप म्हणतात. डॉक्टरांत एक जुने वचन आहे, हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सुजलेले सांधे बरे होतात, पण झडपेवर व्रण राहतात आणि वर्षानुवर्षे ती आकसत जाते. मग रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि धाप लागते. गरोदरपणी अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. अरुंद दारातून तेवढे जाणार कसे?

पुढे सोनोग्राफीसारख्याच एका यंत्रावर ती झडप आम्ही डोळ्यांनी पाहिली. सहाव्या महिन्यात, पोटावर शिशाचे आवरण घालून, मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती रुंद केली. जपानच्या कांजी इनोए यांनी ही रीत १९८४ साली जगापुढे मांडली. त्या रात्री ताई एका उशीवर झोपली.

पण खरा घाव दुसराच होता. ताईच्या सासूबाईंनी आईला विचारले, "हे आधीपासून होतं ना? आम्हाला का नाही सांगितलं?" आई काय सांगणार? थांबत थांबत जिना चढणाऱ्या मुलीला आपण नाजूक म्हणतो, सुनेला आळशी म्हणतो. धापेलाही कारण असते, हे आपल्या मनातच येत नाही.

म्हणून हे लिहिले. धाकट्या भावंडाचा घसा दुखून पाठोपाठ सांधे सुजले, तर तेलावर भागवू नका, दवाखाना गाठा. वेळीच पेनिसिलीन मिळाले, तर झडप वाचू शकते. आणि जिन्यात कुणी छातीवर हात ठेवून टेकले, तर थट्टेआधी एवढेच विचारा, "रात्री आडवं झाल्यावर कसं वाटतं?"

ताईची मुलगी आता बालवाडीत जाते. ताईच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर एकविसाव्या दिवसाभोवती लाल गोल असतो. तो पेनिसिलीनच्या इंजेक्शनचा दिवस. तो गोल आता तिच्या सासूबाईच काढतात.