भिजलेले शब्द

पीटर मार्क रोजे या इंग्रज डॉक्टराने १८५२ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. शब्द वर्णानुक्रमे न लावता अर्थाच्या घराण्यांप्रमाणे लावलेला हा कोश मला अतिशय प्रिय आहे. कुठलेही पान उघडावे आणि तासभर हरवून जावे. पण त्यातली एक मांडणी मला कधीच पटलेली नाही. 'चेंज' आणि त्याचा सगळा गोतावळा रोजेने पहिल्या वर्गात, अमूर्त संबंधांत, संख्या आणि काळ यांच्या पंगतीला बसवला आहे. बदल अमूर्त कसा? या शब्दांना हात लावून पाहावा, तर बोटांना बाजाराची धूळ लागते, लाकडाचा भुसा लागतो, रंगाच्या पिंपातले पाणी लागते.

'चेंज' हा शब्दच बाजारातून आला. उत्तरकालीन लॅटिनमधले 'काम्बियारे' म्हणजे वस्तू देऊन वस्तू घेणे. तिथून फ्रेंच वाटेने तो इंग्लंडात उतरला. म्हणून तर सुटे पैसेही 'चेंज'च. आपला 'बदल'सुद्धा असाच अरबीतून, देवाणघेवाणीचा अर्थ पदरात घेऊन आलेला; 'अदलाबदल' म्हणताना तो अर्थ अजून लख्ख ऐकू येतो. दोन दूरच्या भाषांनी बदलाची कल्पना व्यापाऱ्याकडूनच उचलावी, याचे मला राहून राहून नवल वाटते. काही दिल्याशिवाय बदल मिळत नाही, हे दोघींनाही ठाऊक होते.

'टर्न' कारागिराचा. ग्रीक 'तोर्नोस' म्हणजे लेथ, कातारी ज्यावर लाकूड फिरवून त्याला गोलाई देतो तो. पुढे हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि सगळ्या संसारात शिरला. दूध नासले तर ते 'टर्न' होते, शरदात पाने 'टर्न' होतात, माणसाला चाळिसावे लागले तरी तो 'टर्न'च होतो. कुणाच्या तरी हातापुढे आपण फिरत आहोत आणि आपला भुसा खाली पडतो आहे, असे चित्र त्या एवढ्याशा क्रियापदात आहे.

जुन्या इंग्रजीत 'होणे' या अर्थाचे आणखी एक क्रियापद होते, 'वेओर्थन'. जर्मन भाषेत त्याचे भावंड 'वेर्डेन' आजही दिवसातून शंभरदा बोलले जाते. इंग्रजीने मात्र ते गमावले आणि त्या जागी 'बिकम' बसवले. 'बिकम'चा मूळ अर्थ येऊन पोहोचणे. गेलेल्या शब्दाचे मूळ आणि संस्कृतातल्या 'वृत्' धातूचे मूळ एकच. आपले 'परिवर्तन' आणि आपले 'वर्तुळ' त्याच कुळातले. इंग्रजीत त्या घरातला एक वारस आजही नांदतो, 'विअर्ड'. आज त्याचा अर्थ विचित्र, पण मूळचा अर्थ नियती, म्हणजे जे होणार आहे ते. मॅकबेथला भेटणाऱ्या तीन चेटकिणींना शेक्सपिअरने हे विशेषण लावले, तेव्हा त्यात नियतीच बोलत होती.

पण माझा जीव खरा रमतो तो भरण्याच्या शब्दांत. 'फुल' आणि आपले 'पूर्ण' ही एकाच मुळाची फळे. 'फ्रॉट' मूळचा जहाजाचा, माल लादलेल्या जहाजाचा. आज मौन भीतीने 'फ्रॉट' असते, तेव्हा ते ओझ्याने पाण्यात खोल गेलेलेच असते. आणि मग पाण्याचे शब्द. 'इन्फ्यूज' म्हणजे आत ओतणे. 'सफ्यूज' म्हणजे खालून ओतणे. चेहऱ्यावर लाली चढते ती अशी, आतून वर येणारी. 'सॅच्युरेट'च्या मुळाशी पोटभर जेवून तृप्त झालेला माणूस आहे. आणि 'इंब्यू', माझा सर्वांत लाडका. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ओले करणे, भिजवणे, डाग पाडणे. एखाद्याचे लेखन करुणेने 'इंब्यू' झाले आहे असे म्हणतात, तेव्हा ती करुणा वरून लावलेली नसते. धाग्याधाग्यात गेलेली असते आणि पिळून काढता येत नाही. लेथ बाहेरून आकार देतो, हे शब्द आतून बदलतात. मराठीत याच्या जवळ जाणारी दोन क्रियापदे आहेत, 'भिनणे' आणि 'मुरणे', आणि दोन्ही इंग्रजीला हेवा वाटावा अशी आहेत. 'ओतप्रोत'च्या बाबतीत मात्र आपण ऐकण्यातच फसतो. त्यात ओतणे नाही, विणणे आहे, उभा आणि आडवा धागा. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते की सर्व काही पाण्यात विणलेले असेल, तर पाणी कशात विणलेले आहे, तेव्हा तिच्या तोंडी हेच शब्द आहेत.

'एन्थुझिअॅझम'ची कथा दुःखाची. ग्रीक भाषेत तो आत देव असण्याचा शब्द; आपल्याकडे ज्याला अंगात येणे म्हणतात ते. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या इंग्रजांनी तो धर्मवेड्यांसाठी नावे ठेवायला वापरला; तत्त्वज्ञ जॉन लॉकने १७०० साली आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत त्यावर एक अख्खे टीकेचे प्रकरण घातले. आता तो नोकरीच्या अर्जात असतो. देव निघून गेला, उत्साह उरला.

इंग्रजीचे स्वतःचे आयुष्यही असेच भिजण्यात गेले. १०६६मध्ये नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच बसली. न्यायालयात इंग्रजीत बोलावे असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले. परत आलेल्या भाषेत आई, पाणी, भाकर हे शब्द जुनेच होते, पण तिच्या पोटात फ्रेंच आणि लॅटिन भिनली होती. वर आलेल्या शब्दांतले 'फुल' आणि 'बिकम' घरचे. 'चेंज' आणि 'इंब्यू' त्या ओलीतून आलेले.

शेक्सपिअरचे १६११च्या सुमाराचे 'द टेम्पेस्ट' हे नाटक वाचताना मी एरियलच्या गाण्यापाशी दर वेळी थांबतो. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या बापाची हाडे पोवळी झाली, डोळे मोती झाले, असे तो राजपुत्राला सांगतो. 'सी-चेंज' हा शब्द तिथे जन्मला. बाप प्रत्यक्षात जिवंत आहे, बातमी खोटी आहे, तरी शब्द खरा निघाला. त्यात बदल आणि भरणे एक झाले आहेत: समुद्र हळूहळू स्वतःला त्या देहात भरतो. हल्ली सरकारचे धोरण पालटले तरी वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात, याची मला मनापासून खंत वाटते.

आपल्या शाळांत मुलांना समानार्थी इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करायला लावतात. शिक्षकांना माझी विनंती आहे: एका तासाला एकच शब्द घ्या, पण त्याचे मूळ सांगा. 'टर्न' शिकवताना लेथ दाखवा, 'इंब्यू' शिकवताना वर्गात एक कापड रंगात बुडवा.