शनिवारचा साचा

साचा आईचा. ॲल्युमिनियमचा, दोन चौकोनी भाग बिजागरीने जोडलेले, लांब दांड्यांवर काळं बॅकेलाइट आणि टोकाला अडकवायची कडी. एका दांड्याचं बॅकेलाइट कधीच तडकलंय, तिथे सुती चिंधी गुंडाळली आहे. तुळशीबागेतून आणलेला. मधल्या तिरक्या रेघेमुळे सँडविचचे आपोआप दोन त्रिकोण पडतात, याचं लहानपणी आम्हा भावंडांना भारी अप्रूप. आत बटाट्याची भाजी होती की कांदा, हे आता आठवत नाही.

*

विजेचा टोस्टरही आहे. तो वरून-खालून एकदम तापतो, पोरांच्या हाती निर्धास्त देता येतो. पण जरा जास्त भरलं की त्याच्या झाकणाची कडी लागत नाही. मग कुणीतरी झाकणावर तळहात दाबून उभं राहतं आणि चटका बसला की ओरडतं. साच्याला असलं काही नाही. मिनिटा-मिनिटाला उलटायचा, नाक उघडं ठेवायचं. पाव खरपूस झाल्याचा वास आणि करपायला लागल्याचा वास यांत पाव मिनिटाचं अंतर असतं. शिवाय वीज गेली तरी जेवण अडत नाही.

*

फजिती होते ती पाण्याने. पाव लालसर होऊन तो खमंग वास सुटायला साधारण १४० अंशांच्या वर तापमान लागतं. या रासायनिक क्रियेला मायार हे नाव आहे, लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ती मांडली म्हणून. पण पावात ओल असेतोवर तापमान शंभराच्या आसपासच घुटमळतं. म्हणजे चटणी पातळ झाली की पाव भाजला जात नाही, उकडला जातो. बाहेरून रंग येईपर्यंत आत लगदा.

म्हणून हिरवी चटणी वाटताना पाण्याचा हात आखडता. कोथिंबीर, पुदिना, मिरची, जिरं, लिंबू आणि मूठभर पंढरपुरी डाळं. डाळं पाणी धरून ठेवतं. स्लाइसला आधी बटर, मग चटणी. हा क्रम सासूबाईंना पटत नाही. त्या म्हणतात, ‘पोटात गेल्यावर काय वर आणि काय खाली!’ पण बटरचा थर चटणीतली ओल पावापर्यंत लवकर पोचू देत नाही. टोमॅटोच्या बिया काढायच्या, काकडीला मीठ अगदी शेवटी. आधी लावलं की ती ताटलीतच रडायला लागते.

पाव कालचा बरा. ताजा लुसलुशीत पाव साच्यात पिचतो आणि चिकटतो.

*

बाहेरून तूप, आतून बटर. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी पाणी, मीठ आणि दुधाचे कण. हे कणच आधी काळे पडतात. तुपात ते नसतात, त्यामुळे साचा जरा जास्त वेळ आचेवर राहिला तरी चालतं.

*

मुंबईचा सँडविचवाला मात्र हे सगळे नियम मोडतो. चर्चगेटच्या कॉलेजांबाहेर पाहिलंय. काकडी, टोमॅटो, कांदा, उकडलेला बटाटा, बीट, सगळं एकावर एक. पण त्याच्या चकत्या कागदासारख्या पातळ, आणि शेगडीवर कोळशाची धग. भाजलं की सुरीचे खटाखट घाव, वर पुन्हा बटर, वर शेव. मी घरी बीट घालून पाहिलं. पाव गुलाबी झाला आणि धाकटीने खायला साफ नकार दिला.

*

चीजबद्दल घरात मतभेद आहेत. मुलांना मोझरेला हवं, लांब तार निघते म्हणून. माझं मत साध्या प्रोसेस चीजच्या बाजूने. वितळताना त्यातलं तेल वेगळं सुटू नये म्हणून सोडियम सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते मऊ होतं आणि जागच्या जागी राहतं. किसून घालायचं. चौकोनी वडीचा मधला भाग थंडच राहतो.

*

ऑस्ट्रेलियात असाच साचा गोल असतो, त्याला जॅफल आयर्न म्हणतात. १९४९ साली सिडनीतल्या बाँडायच्या डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. गोलाच्या बाहेर राहिलेला पाव कापून टाकायचा आणि कडा मिटवून घ्यायच्या, आपल्या करंजीसारख्या. मग आत पातळ सारणही चालतं. आपला साचा चौकोनी, पाव सबंध मावतो, कडाही खाता येतात. पाव फुकट न घालवणारा साचा मला जास्त आपला वाटतो.

*

काय काय भरून झालं: मटकीची उसळ (रस्सा पूर्ण गाळून, न गाळल्यास वरचा पाण्याचा परिच्छेद पुन्हा वाचावा), डोशाची उरलेली भाजी, पिठलं (घट्ट असेल तर उत्तम). होळीच्या दुसऱ्या दिवशी उरलेलं पुरण, बाहेरून भरपूर तूप. हे इतकं जमलं की आता पुरण मुद्दाम उरवलं जातं. शिळी पोळी चौकोनी घडी घालून साच्यात चालते. भाकरी चालत नाही, तुकडे पडतात.

*

‘आज स्वयंपाक नको, सँडविच करू.’ हे वाक्य कोण म्हणतं ते बघावं. साच्यात एका वेळी एकच होतं, त्याला चार-पाच मिनिटं. पाच माणसं, दोन-दोन. म्हणजे पाऊण तास एक बाई गॅसपाशी उभी आणि बाकीचे गरमागरम खाऊन ‘अजून एक’ म्हणणार. यापेक्षा पिठलं-भात झटपट. हे मी एका शनिवारी मोठ्याने बोलले. तेव्हापासून सारण तेवढं माझं, पुढे ज्याचं त्याने भरायचं आणि भाजायचं. नवऱ्याने पहिल्या दिवशी कडी न लावताच साचा उलटला. बर्नरच्या भोकांत बटाटा गेला, तो टाचणीने काढताना रात्रीचे अकरा वाजले. सासूबाईंना मात्र हा खेळ आवडला. त्या दोन्ही हातांनी साचा धरतात आणि मनातल्या मनात आकडे मोजतात. किती मोजतात ते सांगत नाहीत, पण त्यांचं सँडविच सगळ्यांत चांगलं भाजलेलं असतं.

*

पुड्यातले दोन्ही टोकांचे स्लाइस शेवटपर्यंत तसेच राहतात, कुणी हात लावत नाही. ते उलटे लावायचे. तपकिरी पाठी आत, पांढऱ्या बाजू बाहेर. मध्ये फक्त बटर आणि डब्याच्या तळाशी राहिलेली चटणी. साचा एव्हाना चांगला तापलेला असतो, दोन मिनिटांत होतं. ते माझं, ओट्यापाशी उभ्याने.