वसुलीचा माल

मार्क ट्वेनची ‘पुडनहेड विल्सन’ (१८९४) पुन्हा वाचतेय. आई गुलाम म्हणून मूलही गुलाम. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच तसा कायदा केला होता. बाप कोण, हा प्रश्नच गैरलागू. कादंबरीतली गुलाम आई रॉक्सी दिसायला गोरी, तरी मालकीची वस्तू. ती पाळण्यातली दोन बाळं बदलते आणि तिचा मुलगा मालकाच्या घराण्याचा वारस होतो. पुढे ही अदलाबदल उघड होते आणि खुनाबद्दल त्याला जन्मठेप होते, तेव्हा इस्टेटीचे घेणेकरी पुढे येतात. हा आमचा माल. दोष त्याचा नाही, मालमत्तेच्या चुकलेल्या यादीचा! मग माफी मिळते, ती त्याला विकता यावं म्हणून. अमेरिकी कादंबरीतली नाती उलगडताना आधी मालकी तपासायची सवय मला इथेच लागली. शिक्षा भोगायलासुद्धा कायद्याच्या लेखी माणूस असावं लागतं.