उतरलेलं वजन राखताना

रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्याची ओढ समजावून सांगावी लागत नाही. माणसापेक्षा उंच लोखंडी कपाट, दर्शनी काचेमागे गरगर फिरणारी रंगीत चकती आणि उघडझाप करणारे दिवे. वर उभं राहायचं, चकती थांबेपर्यंत दम धरायचा, मग खाचेत नाणं टाकायचं. आत खडखडाट व्हायचा आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आमच्या घरी आधी भविष्य वाचलं जायचं. सुट्टीत आजोळी जाताना एकदा आणि आंबे किती अंगी लागले ते बघायला येताना एकदा, एवढंच आमचं वजन व्हायचं. तिकिटं बाबांच्या पाकिटात थोडे दिवस राहायची. पुढच्या मे महिन्यापर्यंत घरात कुणाचं वजन किती, हा विषयच निघत नसे.

आज माझ्या मावशीच्या न्हाणीघराबाहेर पातळ काचेचा काटा आहे. सत्तरी ओलांडलेली मावशी रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर उभी राहते आणि आकडा आपोआप मोबाइलमध्ये नोंदला जातो. दशांशासकट. त्या पुठ्ठ्याच्या तिकिटापासून या काट्यापर्यंत येताना आपण वजनाबद्दल पुष्कळ शिकलो. तरी एक गोष्ट मला सलते. मोजणारं यंत्र घरात आलं आणि त्याच काळात आपल्याकडे लक्ष ठेवणारी माणसं मात्र पांगली.

कारण तेव्हा लक्ष होतं, आणि ते माणसांचं होतं. आमच्या पेठेतल्या शिंप्याकडे लांबट आकाराची, कापडी पुठ्ठ्याची वही असायची. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. दर दिवाळीआधी तो आईचं माप घ्यायचा आणि तिच्या नावाच्या पानावर आधीच्या मापाखाली लिहायचा: छाती, कंबर, दंड. मी बाकावर बसून ती पानं उलटत असे. एकेका बाईच्या दहा-दहा दिवाळ्या तिथे एकाखाली एक लिहिलेल्या असत. कुणाची बाळंतपणं त्यात दिसायची, कुणाचं आजारपणही दिसायचं. “वहिनी, दंडाला पाऊण इंच वाढवलाय, आणि आतून माया जरा जास्त सोडतो,” एवढंच तो म्हणायचा. त्या बोलण्यात टोमणा नसे. आई घरी आल्यावर आठवडाभर भात जरा हात आखडूनच वाढून घ्यायची.

त्या टेपची किंमत मला फार उशिरा कळली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी किलोच्या आकड्यात लपून राहते आणि पोटावर साठते. म्हणूनच भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटरच्या पुढे कंबर गेली की डॉक्टर सावध करतात. कित्येक महागड्या काट्यांना कळत नाही ते शिंप्याच्या टेपला कळत होतं.

शिंप्यानंतर फॅमिली डॉक्टर. त्यांच्याकडे स्प्रिंगचा काटा होता, चपला काढून त्यावर चढायचं. केसपेपरवर तारखेपुढे आकडा पडायचा. चष्म्याच्या वरून बघत ते म्हणायचे, “तीन किलो वाढलंय. संध्याकाळी पर्वती चढायला लागा.” आणि लोक खरंच लागायचे. १०३ पायऱ्या, वर वारा, उतरताना ओळखीची माणसं. चार दिवस दिसला नाहीत तर पाचव्या दिवशी कुणीतरी विचारायचंच, “बरं आहे ना?”

इथपर्यंत ती आठवण गोड आहे. पुढचं तेवढं गोड नाही, आणि तेही सांगायलाच हवं.

माझ्या मावशीने त्या काळी वजन उतरवलं होतं. चांगलंच उतरवलं होतं. कमरेला पट्टा लावून थरथरवणाऱ्या यंत्रांचं एक केंद्र होतं, तिथून तिला झेरॉक्स केलेला तक्ता मिळाला होता. तो फ्रिजवर चुंबकाने लावलेला मला अजून दिसतो. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारी दोन फुलके आणि उकडलेली भाजी, संध्याकाळी काकडी, रात्री ताक. लग्नाकार्यात बायका तिला वळवून वळवून बघायच्या, “काय बारीक झालीस गं!” म्हणायच्या. तक्ता संपला. तो संपल्यावर पुढे काय करायचं, ते त्या कागदावर नव्हतं. हळूहळू सगळं वजन परत आलं, वर थोडं जास्तही आलं, आणि मग त्याच बायका म्हणू लागल्या, “तोंडावर ताबा नाही, दुसरं काय.” मावशीने लग्नाकार्यांना जाणं कमी केलं. तिच्या पाठीमागे जे बोललं गेलं ते निव्वळ अन्यायाचं होतं. ते अन्यायाचं का होतं, हे सांगणारी माहिती तेव्हा आमच्या घरात कुणाकडेच नव्हती.

आज ती आहे. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायच्या मागे लागतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन उतरवून वर्ष झालं तरी भूक वाढवणारी आणि पोट भरल्याची जाणीव देणारी संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे भूक वाढलेली आणि खर्च घटलेला, अशा शरीराला घेऊन मावशी एकटी झगडत होती आणि आम्ही तिच्या ताटाकडे बघत होतो.

वजन उतरवणं आणि उतरलेलं राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे अभ्यासकांनी गांभीर्याने घेतलं ते अलीकडे. १९९४ साली अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल यांनी एक नोंदवही सुरू केली. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, वजन उतरवून ते निदान एक वर्ष राखलेल्यांचीच नावं तीत घ्यायची. पुढे तीत दहा हजारांहून जास्त माणसं आली. उतरवण्याच्या त्यांच्या वाटा निरनिराळ्या होत्या. राखण्याच्या सवयी मात्र बऱ्याच जुळत होत्या: रोज तासभर हालचाल, सकाळची न्याहारी, कमी टीव्ही आणि आठवड्यातून निदान एकदा काट्यावर उभं राहणं. वर्षाकाठी दोनदा स्टेशनवर होणारं आमचं वजन या कामाला अगदीच अपुरं होतं. घरातला काटा ही खरी मदत आहे, हे मी मनापासून मानते.

आणि मोबाइल हीसुद्धा. कॅलरींचे जुने तक्ते बघा, त्यात टोस्ट आणि उकडलेली अंडी. भाकरी-पिठलं मोजायचं कसं, हा प्रश्न आपल्या बायकांनी अंदाजानेच सोडवला. २०१२ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘हेल्दीफायमी’सारख्या अॅपनी पोळी, वरण, साबुदाण्याची खिचडी यादीत आणली आणि वाटी-चमच्यात मोजू दिली. उपासाच्या दिवशी आपण रोजच्यापेक्षा जास्त खातो, हे कितीतरी घरांत पहिल्यांदा पडद्यावर दिसलं. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडा मात्र कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातच तो होता. तरी त्याने लोकांना चालायला लावलं, हेही चांगलंच झालं.

मग यंत्र पुरे आहे का? याचं उत्तर शोधणारे जे मोठे प्रयोग झाले, ते मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत. विंग यांनीच २००६ साली ३१४ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. या सगळ्यांनी आधीच्या दोन वर्षांत सरासरी १९ किलो उतरवलेले होते. त्यांतल्या दोन गटांना रंगांची साधी पद्धत शिकवली. वजन जागेवर असेल तर हिरवा, दीड किलोच्या आसपास वाढलं की पिवळा, २.३ किलो किंवा जास्त वाढलं की लाल. रोज वजन करायचं आणि रंग बदलला की त्याच दिवशी सावरायचं. एका गटाला हे इंटरनेटवरून शिकवलं, दुसऱ्याला समोरासमोर बसवून, आणि तिसऱ्याला टपालाने नुसती पत्रकं पाठवली. १८ महिन्यांनी पत्रकवाल्यांपैकी ७२ टक्के लाल रंगात गेले होते, इंटरनेटवाल्यांपैकी ५५ आणि समोरासमोर बसणाऱ्यांपैकी ४६. सरासरी वाढ बघितली तर पत्रकवाले आणि इंटरनेटवाले जवळपास सारखेच, ४.९ आणि ४.७ किलो. समोरासमोर भेटणाऱ्यांची वाढ फक्त २.५.

दोन वर्षांनी १,०३२ जणांचा दुसरा प्रयोग आला, ३० महिन्यांचा. एका गटाला उत्तम संकेतस्थळ दिलं होतं. दुसऱ्याला महिन्यातून एकदा, बहुतेक वेळा फोनवरच, ५ ते १५ मिनिटं बोलणारं माणूस दिलं होतं. तिसरा गट आपल्या भरवशावर. आपल्या भरवशावरच्यांचं वजन साडेपाच किलोंनी वाढलं, संकेतस्थळवाल्यांचं ५.२ आणि फोनवाल्यांचं ४. महिन्याला एक फोन! पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या तरुण मंडळींवर हालचाल मोजणाऱ्या हातपट्ट्याचा प्रयोग झाला. पट्टा बांधलेल्यांचं वजन दोन वर्षांत साडेतीन किलो उतरलं, पट्ट्याशिवाय तसेच प्रयत्न करणाऱ्यांचं ५.९. हे वाचलं की पर्वतीवरचं ते “बरं आहे ना?” मला वेगळ्याच वजनाचं वाटतं.

आपल्याकडे या गोष्टीचा पडताळा व्हॉट्सअॅपने दिला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या, दिवसात दोनदाच आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायच्या पद्धतीने महाराष्ट्र ढवळून निघाला, तेव्हा गावोगावच्या लोकांचे गट झाले. त्या आहाराबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. मला महत्त्वाचे वाटतात ते गट. एकानं लिहावं, “आज मुंज होती, तीन वेळा तोंड उष्टं झालं,” आणि दुसऱ्या गावाहून कुणी लिहावं, “होऊ दे दादा, उद्यापासून परत.” मावशीच्या तक्त्याच्या पाठीशी असं एक वाक्य असतं तर तिची वीस वर्षं वेगळी गेली असती.

एका बाबतीत मात्र मी जुन्या वहीच्याच बाजूची आहे. शिंप्याची वही रात्री गल्ल्याखालच्या खणात जायची आणि आईचं माप तिथेच राहायचं. आज आपलं वजन, आपली भूक, आपली झोप कुणाकुणाच्या हाती पडते, ते अटींची लांबलचक पानं वाचूनही नीट उलगडत नाही. अॅप घेताना आधी हे बघावं, मग पैसे बघावेत.

आता तर इंजेक्शनंही आली. तिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं २०२५ साली. वजन झपाट्याने उतरतं, पण सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांवरच्या अभ्यासात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. म्हणजे मावशीच्या तक्त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला होता, तोच आता लाखो लोकांपुढे उभा राहणार आहे आणि त्यांना राखायला माणसं लागणार आहेत.

मावशीने साठीनंतर पुन्हा वजन उतरवलं, या वेळी सावकाश, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गुडघ्यांनी तिला भाग पाडलं. काटा तिच्या सुनेने आणला. अॅपमधल्या सगळ्या सूचना, म्हणजे “आज तुम्ही चालला नाहीत”, “पाणी प्या”, मावशीने बंद करायला लावल्या. एकच गोष्ट चालू ठेवली: आकडा माझ्या मोबाइलवरही दिसतो, हे तिनेच सांगून केलं. रंगांची ती पद्धत मी तिला समजावली, तेव्हा तिने लगेच वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून घेतले. पिवळा आला की मी फोन करायचा, असं ठरलं.

“मावशी, परवापासून पिवळं दिसतंय.”

“अगं, मंगळागौरीला गेले होते. पुरण होतं. आणि मीठ जास्त पडलंय, पाणी धरलंय अंगात, उद्या बघ उतरतं की नाही.”

बहुतेक वेळा तिचं खरं ठरतं. वजनाचं बोलणं दोन मिनिटांत संपतं आणि मग इमारतीच्या पुनर्विकासाचं सुरू होतं. लाल आला तर काय करायचं, तेही आम्ही लिहून ठेवलंय: रात्रीचं जेवण साडेसातला, आठवडाभर रात्रीचा भात बंद, आणि रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जाऊन तिला चालायला न्यायचं. गेल्या दिवाळीनंतर ही वेळ आली. फराळाचे डबे सुनेने खालच्या मजल्यावर देऊन टाकले आणि दोघी सारसबागेला फेऱ्या मारू लागलो. दुसऱ्या आठवड्यात तिच्या इमारतीतल्या दोघीजणी आपण होऊन सोबत आल्या. त्यांतल्या एकीचं इंजेक्शन नुकतंच बंद झालं आहे. मावशीने तिचा नंबर घेतला आणि दर रविवारी सकाळी तिला फोन करायचं आपल्या अंगावर घेतलं.