सुटलेली गाडी, चुकलेली गाडी

येत्या महिन्यात शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुटी आली आहे. तीन दिवसांत आगगाडीने एखाद्या परदेशी शहरात जाऊन यावे, असा प्रस्ताव आमच्या धाकट्या कन्येने मांडला. तिच्या वर्गातील कोणी युरोपात अशी सहल करून आले होते: सकाळी एका देशात गाडीत बसायचे आणि दुपारी दुसऱ्या देशात उतरून जेवायचे. ज्या गावात अद्याप रेल्वेचा रूळ पडलेला नाही, त्या मनावरात बसून असा बेत करणे हे धाडसच म्हणायचे. तरीही मी नकाशा उघडला, कारण प्रश्न भूगोलाचा असला तरी त्यातला ‘परदेशी’ हा शब्द माझ्या प्रांतातला होता.

आज भारतातून आगगाडीत बसून परदेशी उतरण्याचे मार्ग जवळजवळ मिटले आहेत. १९७६ साली सुरू झालेली समझौता एक्स्प्रेस आणि राजस्थानच्या वाळवंटातून सिंधकडे जाणारी थार एक्स्प्रेस या दोन्ही २०१९च्या ऑगस्टपासून बंद आहेत. कोलकात्याहून ढाक्याला जाणारी मैत्री एक्स्प्रेस २०२४च्या जुलैत थांबली. उरले ते बिहारमधील जयनगरहून नेपाळातील जनकपूरला जाणारे छोटे रेल्वेमार्गाचे शेपूट. २०२२च्या एप्रिलपासून तेथे पुन्हा प्रवासी गाड्या धावू लागल्या. जनकपूर म्हणजे सीतेचे माहेर, भाषा मैथिली. मला तर फारच मोह झाला. पण मनावरहून इंदूर, इंदूरहून पाटणा आणि पुढे जयनगर, एवढ्यातच आमची जोडून आलेली सुटी संपते. परतीचे दिवस कोठून आणायचे?

मराठी माणसाला आगगाडीने परदेशी जाणे एके काळी मात्र अगदी सहज होते आणि त्याला त्याचे फारसे अप्रूपही नव्हते. १८८८ साली मुरगावापासून सह्याद्री चढून कॅसल रॉकपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला आणि बेळगाव-धारवाडकडची माणसे दूधसागर धबधब्यासमोरून थेट पोर्तुगीज राज्यात उतरू लागली. अलीकडे कॅसल रॉक, पलीकडे कुळे. मध्ये घाट, बोगदे आणि जकातीची तपासणी. १९५५ साली सीमा बंद झाली, तोवर हे येणे-जाणे चालू होते. कुलदेवतेच्या दर्शनाला मंगेशीला किंवा म्हार्दोळला जाणारे कुटुंब आपण परदेशी निघालो असे म्हणत नसे. ते ‘गोव्याला जातो’ म्हणे. दुसऱ्या राजाचा शिक्का असलेल्या भूमीवर आपलीच बोली बोलणारा आप्त भेटत असेल, तर तिला परदेश म्हणायला जीभ वळत नाही. आणि पलीकडच्या भाषेतील चावी, साबण, पगार, लिलाव, घमेले हे शब्द तर कोणत्याही तपासणीविना आधीच अलीकडे येऊन मराठीच्या घरात नांदत होते.

‘परदेशी’ या शब्दाचा एक गमतीचा भाग असा, की महाराष्ट्रात ते आडनाव आहे. उत्तरेतून, म्हणजे आम्ही आज राहतो त्या बाजूच्या मुलखातून, दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांना लोकांनी परदेशी म्हटले आणि पुढे त्यांनी ते नाव अभिमानाने मिरवले. दक्षिणेतून उत्तरेत आलेल्या आमच्या पूर्वजांना इकडच्यांनी ‘दक्षिणी’ म्हटले. म्हणजे पुण्याच्या परदेश्यांचे मूळ आमच्या बाजूला आणि आमचे मूळ त्यांच्या बाजूला. देवासचे प्रकरण तर याहून नाजूक. थोरल्या आणि धाकट्या पातीच्या पवारांची दोन स्वतंत्र संस्थाने एकाच गावात नांदत होती. तेथे रस्ता ओलांडला की राज्य बदले. तेथल्या माणसाला परदेशी जाण्यासाठी गाडीची गरजच नव्हती, वहाणा पुरत होत्या.

तेव्हा कन्येला मी सुचवले, की आपण बडोद्याला जाऊ. ती हिरमुसली, बडोदे कसले परदेश? मग मी तिला जुना नकाशा दाखवला. स्वातंत्र्यापूर्वी मनावर हा ग्वाल्हेर संस्थानच्या अमझेरा जिल्ह्याचा परगणा होता. शेजारची कुक्षी धार संस्थानात. पुढे अलीराजपूर हे वेगळे संस्थान, छोटा उदेपूर आणखी वेगळे, आणि त्यानंतर गायकवाडांचे राज्य. आमच्या मार्गावर पाच राज्ये लागतात. त्यांतील शिंदे, पवार आणि गायकवाड या तीन दरबारांत मोडीत लिहिलेली मराठी वाचणारे कारकून बसत. आज त्या वाटेवर एकच सीमा उरली आहे, मध्यप्रदेश आणि गुजरात यांच्यामधली. पण ती ओलांडणारी मराठी मात्र पूर्वीपेक्षा क्षीण झाली आहे.

हा मार्ग नवा आहे आणि त्याची माहिती आपल्या भागातील पुष्कळांना नसते, म्हणून सांगतो. बडोद्याला जायचे म्हटले की आम्ही इंदूर गाठून रतलाममार्गे जाणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसचा विचार करतो, म्हणजे पश्चिमेला जाण्यासाठी आधी पूर्वेला जातो. २०१९च्या ऑक्टोबरात अलीराजपूरला आगगाडी आली. छोटा उदेपूर ते धार या नियोजित मार्गाचा हा पहिला तुकडा. मनावरहून कुक्षीमार्गे बसने अलीराजपूर, आणि तेथून बोडेली, डभोई करीत बडोद्याचे प्रतापनगर स्थानक, असा हा प्रवास. ही गाडी साधी आहे, तिच्यात थाट नाही; पण ती ज्या वाटेने जाते ती वाट ऐतिहासिक आहे. डभोई ते मियागाम हा गायकवाडांचा अरुंद लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला. भारतातील हा पहिला अरुंदमापी मार्ग, आणि आरंभी त्यावरचे डबे बैल ओढत असत! त्याच डभोईच्या परिसरात १७३१ साली पहिल्या बाजीरावाची आणि त्रिंबकराव दाभाड्यांची लढाई झाली. धारच्या उदाजी पवारांनी दाभाड्यांची बाजू घेतली होती, पिलाजी गायकवाडांनीही. दोन्ही फौजांत शिव्या एकाच भाषेत दिल्या गेल्या असणार, एवढे अनुमान करायला हरकत नाही.

बेत ठरत असताना खरा पेच उभा राहिला तो एका क्रियापदावरून. पुण्याहून कन्येचा आत्येभाऊ बडोद्याला येऊन आम्हांला मिळणार आहे. त्याला तिने निरोप धाडला: “अलीराजपूरला आमची गाडी सुटली तर तुला कळवीन.” त्याचे उत्तर आले: “सुटणारच. वेळ झाली की सुटेल. त्यात कळवायचे काय?” तिला तो चेष्टा करतो आहे असे वाटले, त्याला ही असे का विचारते ते कळेना. तिच्या मनात होते ‘गाडी चुकली तर’. समजा प्रत्यक्ष त्या दिवशी आम्ही फलाटावर धापा टाकीत उभे राहिलो, गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि तिने ‘गाडी सुटली’ एवढेच दोन शब्द लिहिले, तर तो पठ्ठ्या आनंदाने प्रतापनगरला आम्हांला घ्यायला जाईल आणि आम्ही अलीराजपुरात चहा पीत बसलेलो असू.

आता यात मुलीला हसण्यासारखे काही नाही, आणि रागावण्यासारखे तर मुळीच नाही. हिंदीतील छूटना आणि मराठीतील सुटणे हे एकच शब्द आहेत. जुन्या छकाराचा मराठीने ठिकठिकाणी सकार केला: छुरीची सुरी, छहचे सहा, मछलीची मासळी, छालीची साल, छोडनाचे सोडणे. त्याच रांगेत छुट्टीची सुटी आणि छूटनाचे सुटणे. हिंदीतही गाडी अमुक वाजता ‘छूटती है’ म्हणजे निघते. पण ‘मेरी गाड़ी छूट गई’ म्हटले की अर्थ उलटतो. आता कथा मागे राहिलेल्या माणसाची होते. मराठीने सुटण्याचा अर्थ दाव्यातून मोकळे होण्यापाशी ठेवला. वासरू सुटते, शाळा सुटते, वारा सुटतो, कोडे सुटते, सुटे पैसे सुटे असतात, आणि गाडी सुटते. मागे राहिलेल्या माणसासाठी तिने वेगळा शब्द राखला, चुकणे. वाट चुकते, वेळ चुकते, नेम चुकतो, तशी गाडी चुकते. ‘गाडी सुटली’ हे वाक्य मराठीत गाडीत बसलेला म्हणू शकतो आणि फलाटावर निरोप द्यायला आलेलाही. ‘गाडी चुकली’ हे मात्र ज्याची चुकली तोच म्हणतो.

माळव्यातील, निमाडातील आपल्या मराठीतून हा भेद पुसट होत चालला आहे. ‘वापस येऊ’ म्हटले तर ऐकणाऱ्याला अर्थ तरी कळतो. परत हा शब्द उद्या पुन्हा शिकवता येईल. परंतु शब्द मराठी, प्रत्यय मराठी, आणि अर्थ मात्र बाहेरचा, ही घुसखोरी कानाला कळत नाही. बोलणाऱ्याला वाटते आपण शुद्ध मराठी बोललो, ऐकणाऱ्यालाही तसेच वाटते, आणि दोघे दोन वेगवेगळ्या स्थानकांवर उभे असतात. मराठी शिकवण्याची मागणी घेऊन आम्ही कार्यकर्ते जेव्हा दारोदार जातो, तेव्हा “घरी बोलतोच की” हे उत्तर ठरलेले असते. त्या उत्तरातील ही फट मला दिसते. ती दाखवून देणे मात्र अवघड जाते, कारण दाखवायला चुकीचा शब्दच नसतो.

आमच्या घरात याला आणखी एक पदर आहे. सासूबाईंचे बालपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेले. लग्न होऊन मनावरात येऊन साठ वर्षे झाली, तरी बोलण्याच्या भरात त्या ‘गाडी उपडली’ म्हणतात. गुजरातीत गाडी ‘ऊपडे’ म्हणजे निघते. मराठीत उपडतात ती मुळे. नात हसते. पण गाडी हातची गेली, तर सासूबाई चुकूनही ‘सुटली’ म्हणणार नाहीत. त्या ‘चुकली’च म्हणतील, कारण गुजरातीतही ‘ट्रेन चूकी गया’ असेच म्हणतात. आगगाडी हा शब्दही गुजराती आणि मराठी दोघींनी सारखाच घडवला, आणि आमच्याकडे तो आता फक्त सासूबाईंच्या तोंडी उरला आहे. गुजरातीच्या शेजारात वाढलेल्या मराठीने जे राखले, ते हिंदीच्या शेजारात वाढलेल्या मराठीने गमावले, आणि याच्या उलट उदाहरणेही सापडतील. बाहेरच्या मराठी प्रदेशांनी एकमेकांकडे जाऊन आपापली शिल्लक ताडून पाहावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. प्रत्येक वेळी पुण्याकडेच कशाला पाहायचे? साहित्य संमेलन बडोद्याला १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा भरले. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ मध्ये. ही दोन्ही शहरे आज महाराष्ट्राबाहेर आहेत.

बडोद्यात पाहायच्या गोष्टींवर घरात एकमत नाही. कन्येला लक्ष्मीविलास राजवाडा पाहायचा आहे, हिला सयाजीबाग. मला पाहायचा आहे तो एक कोश. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारासाठी सिद्ध करवलेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली प्रकाशित झाला. त्यात इंग्रजी संज्ञांसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. ज्या राज्यात राजा एका भाषेचा आणि बहुसंख्य प्रजा दुसऱ्या भाषेची, तेथे एका पानावर सात भाषांना बसायला जागा दिली गेली. आपल्या सीमेवरच्या कचेऱ्यांत दोन भाषांचा फलक मागायला किती अर्ज लिहावे लागतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

सासूबाई येणार की नाही, हा प्रश्न तीन दिवस चालला. गुडघे दुखतात, बसचा प्रवास झेपेल का, दांडिया बाजारातील त्यांचे घर आता कोणाकडे आहे, अशा चर्चा झाल्या. शेवटी त्यांनीच निकाल दिला. आपले घर पाहायचे नाही, बाहेरून गल्ली पाहिली तरी पुरे. मात्र गाडीत खिडकीशी बसायला हवे आणि डभोई आले की सांगायला हवे, कारण लहानपणी त्या वडिलांबरोबर तेथवर छोट्या गाडीने जात असत. कन्येने त्यांच्यासाठी खिडकी धरून ठेवण्याचे कबूल केले आहे. आत्येभावाला तिने नवा निरोप पाठवला: “गाडी सुटली की कळवीन. चुकली तरी कळवीन.” आता कुक्षीहून अलीराजपूरला जाणारी पहिली बस केव्हा निघते, ते बसस्थानकावर जाऊन विचारायचे तेवढे राहिले आहे.