पाणी निवळू द्यावे

माउली, आपल्या भाषेत एक शहाणा शब्द आहे : निवळणे. पाणी आपण उपसतो, गाळतो, तापवतो. निवळते मात्र ते आपले आपण. हंडा ढवळायचा थांबला, वर झाकण पडले, की सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. आषाढात नद्यांना लाल पाणी येई तेव्हा आपल्या आज्यांनी हेच केले. फार घाई असली तर त्या हंड्यात तुरटी फिरवत, नाहीतर निवळीचे बी उगाळून घालत. तेवढे झाले की त्या वाट पाहत.

घरातल्या काचेच्या टाकीत मासे असतात, आणि तिचे पाणी गढुळले की नेमकी हीच वाट पाहणे आपल्याला जमत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ माझ्या घरी माशांची टाकी आहे. त्यामुळे ओळखीचे लोक विचारायला येतात, ‘गुरुजी, पाणी पांढरे झाले, काय टाकू?’ प्रश्नातच घोटाळा असतो. काय टाकू, हे सगळे विचारतात. काय टाकायचे थांबवू, हे कुणी विचारत नाही.

आधी गढूळपणा ओळखावा. टाकीतले पाणी काचेच्या पेल्यात घेऊन पेल्यामागे पांढरा कागद धरावा. पाणी हिरवट दिसले तर ते शेवाळ. ते फार उजेडाने वाढते. टाकी खिडकीच्या उन्हातून हलवावी आणि दिवा दिवसाचे सहा-आठ तासच लावावा. सुटे कण तरंगताना दिसले तर ती बहुधा न धुतलेल्या खड्यांची धूळ, नाहीतर तळाचा उडालेला मळ असतो. पेला रात्रभर तसाच ठेवला तर धूळ खाली बसते. टाकीतही ती बसते किंवा फिल्टरच्या स्पंजात अडकते. पण पेल्यातले पाणी सकाळीही दुधाची विसळ टाकल्यासारखेच दिसले, तर तो गाळ नाही. ते जिवंत सूक्ष्म जंतू आहेत. उरलेल्या अन्नावर आणि माशांच्या विष्ठेवर ते तासातासाने वाढतात.

गेल्या वर्षी आमच्या शेजारी हेच झाले. नातवाच्या हट्टापायी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आणली. तीत पाणी मावते सुमारे ५६ लिटर. दुकानदाराने त्याच दिवशी आठ गोल्डफिश गळ्यात बांधले. सहाव्या दिवशी पाणी पांढरे झाले, सातव्या दिवशी पहाटे एक मासा पालथा तरंगत होता आणि बाकीचे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होते. मी गेलो तेव्हा मुलाचे वडील बादली आणि साबण घेऊनच उभे होते. सगळे पाणी ओतून, टाकी घासून, नळाचे ताजे पाणी भरायचे, हा त्यांचा बेत. मुलगा टाकीला दोन्ही हात लावून उभा होता. बोलत काहीच नव्हता.

मी त्यांना थांबवले. का, ते सांगतो. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. पण सृष्टीत त्याचीही सोय आहे. एका जातीचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच, मग दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते मासे बरेच सहन करतात. हे काम करणारे जंतू १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने प्रथम वेगळे काढून दाखवले. पाणी पांढरे करणारे जंतू झपाट्याने वाढतात. हे सेवेकरी जंतू मात्र फार सावकाश वाढतात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांची वस्ती मुख्यतः स्पंजावर, खड्यांवर आणि काचेवर असते. टाकी साबणाने घासली की नुकतीच वसू लागलेली ही वस्ती उठते. पाणी दोन दिवस चकचकीत दिसते, आणि पुन्हा पांढरे होते. माणूस पुन्हा घासतो, आणि मासे एकेक करून जातात.

मग आम्ही काय केले? हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला, कारण पांढरे जंतू पाण्यातला प्राणवायू खातात. नळीने तळाचे कुजलेले अन्न ओढून काढले. त्याबरोबर पाव टाकी पाणी गेले. तेवढेच शिळे, त्याच गारव्याचे पाणी हळूहळू घातले. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात एकदा पिळला, नळाखाली धरला नाही. आणि तुरटी घालू दिली नाही. पिण्याच्या हंड्यात तुरटी मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटवून खाली बसवते, तिथे ती गुणाची. पण टाकीत तिने पाणी आंबटपणाकडे झुकते आणि माशांच्या कल्ल्यांना इजा होते.

शिळे पाणी का, हे वारकऱ्याला वेगळे सांगायला नको. वारीच्या वाटेवर टँकरच्या पाण्याला जो वास येतो तो टीसीएल पावडरीचा, म्हणजे क्लोरीनचा. लाखो माणसांना रोगराईपासून राखणारे ते औषध आहे. तेच क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि सेवेकरी जंतूही मारते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवले की बहुतेक उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात.

पण खरे काम पुढेच होते, आणि ते टाकीबाहेर होते. विचारपूस केली तेव्हा कळले, की सकाळी मुलगा चिमूटभर खाणे टाकी, दुपारी त्याची आई, संध्याकाळी वडील, आणि येता-जाता आजी. चौघांचीही माया खरी. मी खाणे दोन दिवस बंद करायला सांगितले तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आले. ‘मुके जीव हो, गुरुजी. त्यांना उपाशी ठेवून आम्ही कसे जेवायचे?’

माउली, या प्रश्नाला हसू नये. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालणारा हात हाच असतो. पण नदी वाहती आहे. उरलेले ती पुढे नेते. काचेच्या टाकीतून काहीच कुठे जात नाही. माशाने खाल्ले नाही ते तळाशी कुजते, आणि खाल्ले तेही अखेर त्याच पाण्यात येते. बंद जागेत मायेलाही माप लागते.

मी म्हणालो, ‘मावशी, परवा तुमची एकादशी ना? त्या दिवशी तुम्ही उपाशी मरता का?’

‘अहो, उलट हलके वाटते.’

‘मग माशांनाही ती घडू द्या.’

त्या हसल्या, आणि खाण्याचा डबा स्वतःच्या हाताने कपाटात ठेवला. धडधाकट मोठा मासा दोन-तीन दिवस खाण्यावाचून सहज राहतो. पुढे दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे ठरले, आणि देणारा हात एकच, मुलाचा.

चौथ्या दिवशी आणखी एक मासा गेला. वडील पुन्हा बादलीकडे वळले. या वेळी आजींनीच त्यांना अडवले. दर दोन दिवसांनी थोडे पाणी बदलत राहिलो. दहा-बारा दिवसांत समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर टाकीतून आरपार वाचता येऊ लागले. सहा मासे वाचले. त्यांतले चार मोठी टाकी असलेल्या एका स्नेह्याकडे दिले, कारण एवढ्या पाण्यात सहा गोल्डफिश वाढवणे हीच गढूळपणाची पेरणी होती. मुलगा रडला, पण दर रविवारी त्यांना बघायला जातो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. निवळलेले पाणी निर्मळ असतेच असे नाही. अमोनिया आणि नायट्राइट यांना रंग नाही. पाणी आरशासारखे दिसत असताना मासे तळमळत असू शकतात. म्हणून नव्या टाकीत पहिले दीड महिना दुकानात मिळणाऱ्या तपासणीच्या थेंबांनी पाणी पाहत राहावे, आणि मासे वर येऊन हवा घेतात का, हे रोज बघावे. दिसण्यावर विसंबू नये. जीव कसा आहे ते पाहावे. माणसांच्या बाबतीतही हे खरे आहे, पण ते आपण जाणताच.

तेव्हा माउली, कुणाच्या घरी टाकी गढुळली आणि त्याने तुम्हाला विचारले, तर प्रथम त्याच्या हातातली बादली खाली ठेवायला लावा. मग खाण्याचा डबा कुणाकुणाच्या हाती जातो ते विचारा. कुजके काढा, थोडे पाणी बदला, हवा चालू ठेवा, आणि बाकीचे त्या न दिसणाऱ्या सेवेकऱ्यांवर सोपवा. ते काम करत असतात. आपण फक्त त्यांना वेळ द्यायचा असतो.

राम कृष्ण हरी.