कराडपर्यंत

तुमच्या घरी जुनी, पण फ्युएल इंजेक्शनची पेट्रोल गाडी असेल तर एक करून बघा. चावी ‘ऑन’वर फिरवा आणि स्टार्टर न मारता थांबा. मागच्या सीटखालून बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज येईल आणि दोन-तीन सेकंदांत थांबेल. तो फ्युएल पंप. टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेली एक छोटी मोटर. ती साधारण ३ बार दाबाने पेट्रोल इंजिनकडे ढकलते. टायरमध्ये आपण हवा भरतो ती २ बारच्या आसपास, म्हणजे हा दाब त्याच्या दीडपट.

या आवाजातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो थांबतो.

चावी ऑन झाली की गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, पंपाला दोनेक सेकंद चालू देतो. पाईपमध्ये दाब तयार व्हावा एवढ्यापुरतंच. तेवढ्यात इंजिन फिरायला लागलं आणि सेन्सरकडून तसे सिग्नल आले, तर पंप चालू राहतो. नाही आले, तर बंद. धावती गाडी कुठे आदळली आणि इंजिन बंद पडलं, तरी हाच नियम: सिग्नल थांबले, पंप थांबला. फुटलेल्या पाईपमधून पेट्रोल उडत राहू नये म्हणून.

हा हुकूम पंपापर्यंत पोचवतो तो रिले. काडेपेटीहूनही लहान, काळा चौकोनी डबा. पंपाला पाच-आठ अँपियर लागतात. एवढा करंट ईसीयूच्या नाजूक पिनमधून नेता येत नाही. म्हणून ईसीयू रिलेमधल्या छोट्या कॉइलला थोडासा करंट देतो, कॉइल चुंबक होते, आतली पट्टी ओढली जाते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि मोठ्या करंटचा रस्ता उघडतो. बऱ्याच रिलेंवर पायांचे नंबर छापलेले असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० बॅटरीकडून येणारा, ८७ पुढे पंपाकडे जाणारा. कॉइलचा करंट गेला की स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. म्हणजे रिलेची मूळ अवस्था ‘बंद’ ही आहे. चालू राहायला त्याला सतत कारण लागतं.

पंप इलेक्ट्रिक झाल्यापासून इंजिनिअर लोक या एकाच प्रश्नाची उत्तरं शोधत आलेत. १९७० साली आलेल्या शेवरोले व्हेगामध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप होता आणि त्याच्या वायरिंगमध्ये ऑइल प्रेशरचा स्विच. इंजिन बंद झालं की ऑइलचा दाब जातो, दाब गेला की पंप बंद. बॉशच्या एल-जेट्रॉनिकमध्ये इंजिनात जाणाऱ्या हवेने एक झडप हलायची. हवा वाहतेय तोवरच पंपाला करंट. फोर्डच्या अनेक गाड्यांत एक गंमतशीर स्विच असायचा: चुंबकाने धरून ठेवलेली स्टीलची गोळी. जोराचा धक्का बसला की गोळी सुटते आणि पंप बंद. मग हाताने बटन दाबून तो परत चालू करायचा. तिन्ही पद्धती वेगळ्या, पण प्रश्न एकच विचारणाऱ्या: इंजिन अजून ठीक आहे ना?

हे सगळं मी शिकले ते आमच्या घरच्या २००३ च्या हॅचबॅकमुळे.

गेल्या जुलैत पप्पा आजीला घेऊन चिपळूणहून कराडला परत येत होते. कुंभार्ली घाटात, रात्री, धो धो पावसात गाडी बंद पडली. स्टार्टर फिरत होता, इंजिन उचलत नव्हतं. कुणीतरी कोयनानगरच्या एका मेकॅनिकला फोन लावून दिला. तो बाईकवरून, भिजत, घाट उतरून आला. तपासलं तर पंपाला करंट नाही. त्याने रिले काढला, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर ओढली, डॅशबोर्डखाली एक साधा स्विच लावला आणि तिथून वायर थेट ८७ च्या खोबणीत घातली. त्याच्या भाषेत, पंप ‘डायरेक्ट’ केला. पैसेही त्याने फार घेतले नाहीत. मध्यरात्रीच्या आधी आजी घरी होती.

मी पुण्यात असते. गुढीपाडव्याला घरी आले, गाडी बाहेर काढायला बसले आणि चावीने काहीच होईना. पप्पांनी हात घालून डॅशबोर्डखालचा स्विच दाबला. मागून ‘घूंऽऽ’ सुरू झालं. दोन सेकंद झाले. दहा झाले. तीस झाले. थांबेना.

“आधी हा दाबायचा, मग स्टार्टर. उतरताना आठवणीने बंद करायचा, नाहीतर बॅटरी उतरते,” पप्पा म्हणाले.

“पप्पा, आठ महिने तुम्ही अशी चालवताय?”

“मग? एकदा तरी बंद पडली का?”

“बंद पडत नाही, हाच तर प्रॉब्लेम आहे.”

त्यांना ते आवडलं नाही. त्यांच्या डोक्यात तो स्विच म्हणजे त्या रात्रीची मदत होती. “एवढ्या पावसात कोण येतं? आणि तू इथं बसून त्याला नावं ठेवतेस,” असं म्हणून ते आत गेले. मी मेकॅनिकला नावं ठेवत नव्हते. घाटात, अंधारात, म्हाताऱ्या बाईला घेऊन थांबणंही सुरक्षित नसतं. त्या रात्री ती वायर हेच बरोबर उत्तर होतं.

बॅटरी सोडवली, मल्टीमीटर घेतला आणि वायर शोधत गेले. तिला कुठेच फ्यूज नव्हता. फ्यूज पंपाला वाचवायला असतो असं पुष्कळांना वाटतं. तो असतो वायरला वाचवायला. ही वायर बोनेटमधून केबिनमध्ये येत होती ती मधल्या पत्र्याच्या भोकातून, आणि भोकाला रबर नव्हतं. आठ महिन्यांच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड वायरच्या प्लॅस्टिकमध्ये अर्धी उतरली होती. तांबं पत्र्याला टेकलं असतं तर बॅटरीतला शेकडो अँपियर करंट त्या बारीक वायरमधून गेला असता आणि वायर लालबुंद झाली असती. तीही डॅशबोर्डच्या मागे, पप्पांच्या गुडघ्यांपाशी.

ही झाली एक शक्यता. दुसरी अपघाताची. गाडी आदळते, इंजिन बंद पडतं, पाईप फाटतो आणि पंपाला हे कळवणारं कुणी उरलेलं नसतं. तो मिनिटाला लिटरभर पेट्रोल बाहेर फेकत राहतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे बारा महिने तिला फक्त एक ठिणगी पुरते. अशा वेळी डॅशबोर्डखाली चाचपडून स्विच बंद करायचं कुणाला सुचेल? आमच्या गाडीत टाकी आणि पंप मागच्या सीटखाली आहेत. मागच्या सीटवर आजी बसते.

मी पप्पांना वायर दाखवली. काहीच बोलले नाही मी. त्यांनी चष्मा लावून ती चिरलेली जागा बघितली, अंगठा फिरवला आणि विचारलं, “मूळचा रिले किती रुपयांचा येतो?”

दोन-अडीचशेला आला. पण नुसता रिले बदलून भागणार नव्हतं. जुन्या रिलेत ‘टक्’ वाजत होतं, कॉइल चांगली होती, पण ८७ वर व्होल्टेज शून्य. आतले संपर्क जळले होते. ते का जळले? पंप नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढत होता. का? फ्युएल फिल्टर वर्षानुवर्षं बदललाच नव्हता. चोंदलेल्या फिल्टरमधून पेट्रोल ढकलताना पंपावर ताण, ताणामुळे जास्त करंट, त्याने संपर्क काळे. प्रत्येक वेळी रिलेची तक्रार अशी सरळ नसते. नव्वदच्या दशकातल्या काही होंडा गाड्यांत रिलेच्या आतल्या सोल्डरला केसाएवढ्या चिरा जायच्या. दुपारी उन्हात गाडी सुरू व्हायची नाही आणि संध्याकाळी काही न करता व्हायची. आमचं निदान त्या मानाने सोपं होतं. टाकीचं काम कराडातल्या जाणत्या माणसाकडून करून घेतलं. फिल्टर बदलला, पंप बदलला, टाकीवरचा तपकिरी पडलेला कनेक्टर बदलला, फ्यूज झाकणावर लिहिलाय त्याच आकड्याचा घातला.

आमच्या ऑफिसात कोडमध्ये अशा वायरी रोज दिसतात. रात्री दोन वाजता सिस्टीम पडते, कुणीतरी एक तपासणी तात्पुरती बंद करतं आणि वर लिहितं: ‘नंतर काढणे’. सिस्टीम उठते, सगळे झोपायला जातात. चार वर्षांनी ती ओळ तिथेच असते आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. चालू झालेल्या गोष्टीकडे परत कुणी बघत नाही.

मे महिन्यात आम्ही तिघं पुन्हा चिपळूणला निघालो. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा पप्पांनी त्या मेकॅनिकला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, आजीच्या पाया पडला, गाडी ओळखली. डॅशबोर्डखाली वाकून बघितलं, तर स्विचच्या जागी नुसतं भोक.

“काढला व्हय? बरं केलंत. कधी काढला?”

“मार्चमध्ये,” मी म्हटलं.

त्याने पप्पांकडे बघितलं. “मार्च? सर, आवो, मी कराडपर्यंत म्हनलो हुतो.”